‘यायलंय’ म्हणजे नेमकं कधी?

परभणी जिल्ह्यात तीन दिवस राहून आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी “बरं” म्हणतात आणि मग विचारतात, “तिकडे काय असतं?” एखादा किल्ला किंवा धबधबा पाहिल्याशिवाय माणसाने गाडीत बसूच नये, असा काहीतरी आपल्याकडे नियम झालाय. मी कामासाठी गेले होते. ते काम काय, हे सांगितल्यावर लोक जास्तच कोड्यात पडतात, म्हणून ते आधी सांगून टाकते.

आम्ही तिघं मिळून धायरीत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र बनवतो. परदेशी कंपन्यांचे ते टीव्हीला जोडायचे काळे खोके असतात, तसलं नव्हे. आमचं तळहातावर मावतं. चार बटणं, एक छोटा पडदा, आणि आत आपले खेळ: चल्लस, वाघ-शेळी, सापशिडी, विटीदांडू. नाव ‘गोटी’. खालून गिरणीचं पीठ उडत असतं, त्यामुळे पहिल्या खेपेच्या प्रत्येक गोटीत चिमूटभर ज्वारी असणारच, असं माझा भागीदार नितीन म्हणतो. तो इंजिनिअर आहे, मी विक्री बघते आणि त्याच्याशी भांडते.

तर, नव्या गोटीचा नमुना तयार झाला होता. रंगीत पडदा, आणि दोन गोट्या एकमेकींना जोडून खेळता येईल अशी सोय. माल हातात यायला गुढीपाडवा उजाडणार होता. प्रश्न एवढाच होता की जगाला सांगायचं कधी? या धंद्यात मोठमोठ्या कंपन्याही इथेच अडतात. नव्याची दवंडी लवकर पिटली तर लोक जुनं घ्यायचे थांबतात आणि ते दुकानात धूळ खात पडतं. उशिरा पिटली तर गेल्याच महिन्यात जुनं घेतलेला माणूस तुमच्या नावाने बोटं मोडतो. आणि पिटलीच नाही तर अफवा ते काम फुकटात करतात. नितीनचं म्हणणं होतं, सव्वीस जानेवारीला धडाक्यात जाहीर करून टाकू. माझं म्हणणं होतं, थांब. का थांब, ते मात्र मला धड सांगता येत नव्हतं.

खरं कारण पूर्ण्यात होतं. पूर्णा जंक्शनजवळ सुजाता वाघमारे यांचं मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान आहे. मराठवाड्यात आमची गोटी विकणाऱ्या त्या एकट्याच. दोन वर्षं आमचं फक्त फोनवर बोलणं, भेट कधी नाही. गणपतीच्या दिवसांत त्यांनी मला सरळ विचारलं होतं, “मॅडम, नवं मॉडेल हाय का? गिऱ्हाईक विचारायलेत.” त्या वेळी नव्या गोटीचा नमुना माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी पडलेला होता. मी म्हणाले, “सध्या तरी काही नाही.” ‘सध्या तरी’ हे दोन शब्द पुण्यातून निघताना असतात, परभणीच्या हद्दीत शिरेपर्यंत गळून पडतात. सुजाताताईंनी दिवाळीपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला ठासून सांगितलं, नवं काही नाही, बिनघोर घ्या. हे मला नंतर कळलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. मी ठरवलं, स्वतः जायचं, समोर बसायचं, आणि सांगायचं.

तेवढ्यात मुंजाभाऊंचा फोन आला.

सेलूमार्गे वालूर

मुंजाभाऊ वालूरचे शेतकरी. त्यांची बहीण पूर्ण्याला दिलेली, म्हणून त्यांनी दसऱ्याला गोटी घेतली ती सुजाताताईंच्या दुकानातून. पुढे एक बटण घट्ट झालं म्हणून त्यांनी खोक्यावरचा नंबर फिरवला, मी उचलला, आणि बटणावरून सुरू झालेलं बोलणं कपाशीवर आणि माझ्या गुडघेदुखीवर जाऊन थांबलं. तेव्हापासून आमची ओळख. त्यांच्या सांगण्यावरून वालूरमध्ये आणखी आठ जणांनी गोटी घेतली होती.

“मॅडम, हुरडा आलाय. परवा या,” ते म्हणाले.

“पुढच्या आठवड्यात आले तर चालेल का? मला पूर्ण्यालाही जायचंय.”

“पुढच्या आठवड्यात मंग ज्वारी खायला या.”

मी परवाची गाडी धरायचं ठरवलं. शिवाय पुण्याहून मनमाडकडून येणारी गाडी आधी सेलूला लागते, परभणी त्याच्या पुढे आणि पूर्णा आणखी पुढे. रस्त्यात जे आधी लागतं तिथे आधी उतरायचं, असा सोपा हिशेब मी केला. प्रवासाच्या दृष्टीने तो बरोबर होता. बाकी सगळ्या दृष्टींनी तो चुकला, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सेलूला मुंजाभाऊ मोटारसायकल घेऊन आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, कानाला मफलर. माझी फुगलेली पिशवी त्यांनी टाकीवर ठेवली आणि विचारलं, “एवढं काय आणलंय?” मी म्हटलं, कपडे आणि बाकरवडी. ते खरंच होतं, पण कपड्यांच्या तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेला नव्या गोटीचा नमुनाही होता. तो सुजाताताईंना दाखवायचा होता.

जानेवारीतला परभणीचा रस्ता ज्याने पाहिला नाही त्याला मराठवाडा म्हणजे कायम तहानलेला वाटतो. माझाही तसाच समज होता. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तिच्यावर हरभरा, करडई, मधेच उसाचा हिरवा पट्टा. कापसाच्या गाड्या गेल्या होत्या त्या वाटेवरच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले. मुंजाभाऊ दर शेतापाशी वेग कमी करून ते कुणाचं ते सांगत होते. गावात शिरताना त्यांनी जुन्या दगडी बारवेकडे हात केला, “उतरून बघायची का?” मी म्हटलं, आधी हुरडा. ते खूश झाले.

पुण्याजवळ हुरडा पार्टीला तिकीट असतं आणि उंटावरची एक फेरी त्यात धरलेली असते. इथे शेताच्या कडेला खड्डा होता, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, आणि मुंजाभाऊंच्या पत्नी सत्यभामाबाई कणसं राखेत खुपसून बसल्या होत्या. भाजलेलं कणीस हातावर घेऊन चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे मऊ दाणे तोंडात टाकायचे. सोबत तिळाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. मी पहिलं कणीस शहरी उत्साहात दोन्ही हातांनी पकडलं आणि किंचाळले. दुसऱ्या खेपेला फुंकर उलट्या वाऱ्याला मारली आणि सगळा कोंडा माझ्याच डोळ्यांत गेला.

“मॅडम, तुमी नुसतं खावा,” सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि मग दिवसभर स्वतः चोळून माझ्या ओंजळीत दाणे टाकत राहिल्या. पुण्यात कुणी मला असं भरवलं असतं तर मी अवघडले असते. इथे मी निर्लज्जपणे ओंजळ पुढे करत होते.

खाणं जरा थंडावल्यावर त्यांनी कनवटीची पिशवी सोडावी तशी गोटी काढली. मी बघतच राहिले. गोटीला खणाच्या कापडाचं अस्तर लावलेलं झबलं शिवलं होतं, पडद्यापुरती खिडकी कापून. घट्ट झालेल्या बटणावर सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा चिकटवला होता आणि ते आता आमच्या कारखान्यातल्यापेक्षा झकास दबत होतं.

“ह्यांना इचारू नका कोण जिंकतं ते,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

“लाईट यायची वाट बघत बसायचं आसतं मोटारीपाशी,” मुंजाभाऊ म्हणाले. “तवा खेळतो चल्लस. पटावर चिंचोकं म्याच मोजायचो, हितं यंत्रच मोजतंय, म्हणून माझं जमंना.”

मला फार बरं वाटलं. आपण बनवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात झबलं घालून बसलेली बघणं, हे सुख मला आधी माहीत नव्हतं. त्या भरात शेजारच्या शेतातून हुरड्याला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, “मॅडम, आता पुढं नवं काही हाय का न्हाई?” आणि मी तोंडात गूळ असतानाच म्हणाले, “येतंय की!”

पुण्यात आपण ‘येतंय’ कशालाही म्हणतो. मेट्रोचं स्टेशन येतंय, पाणी येतंय, सुनेला मराठी येतंय. म्हणून मला काही वाटलं नाही. ते गृहस्थ मात्र हात झटकून उठले आणि जरा लगबगीने गेले, एवढं आठवतं.

वालूर, दुसरी सकाळ

सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर ओट्यावर माणसं बसलेली. मोजली नाहीत, पण गोट्या मोजल्या. नऊ. काही खोक्यात घालून, काही पुसूनपासून, एकीला चक्क प्लास्टिकची नवी पिशवी. मुंजाभाऊ आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून उभे होते.

“आले का मॅडम! काढा,” ते म्हणाले.

“काय काढू?”

“नवं. यायलंय म्हणलात ना काल. म्या सगळ्याला निरोप दिला, आपापली जुनी घेऊन या म्हणून.”

“मी येतंय म्हणाले होते, भाऊ.”

“तेच की. यायलंय.”

मग एक म्हातारे गृहस्थ माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, “बाईच्या पिशवीतच आसंल.” त्यांना काय माहीत, ते किती बरोबर होते. मी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा त्या नऊ गोट्यांकडे. शेवटी सांगितलं: नवीन गोटी होणार आहे, पण अजून झालेली नाही. पाडव्याला येईल. आज द्यायला माझ्याकडे काही नाही.

कुणी चिडलं नाही. चिडले असते तर सोपं झालं असतं. “आसं व्हय” म्हणून त्यांनी खोकी बंद केली, आणि मला वाटलं, सुटले. पण मुंजाभाऊ तिथेच उभे होते आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

“पाडव्याला म्हणजे तुमी कवापासून करायलात हे?”

“वर्ष झालं.”

“म्या दसऱ्याला ताईला इचारलं व्हतं. ताई, नवं यायलंय का? यायलं असंल तर थांबतो म्हणलं. ताई म्हणल्या, काही न्हाई, घ्या. त्यांच्या जबानीवर म्या घेतलं. आन् माझ्या जबानीवर ह्या आठ जणांनी.” त्यांनी ओट्यावरच्यांकडे हात केला. “ताई आमच्याशी खोटं बोलल्या म्हणायचं का मग?”

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं होतं. त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. नऊ गोट्या हातात घेतलेल्या माणसांसमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, “मी बोलते त्यांच्याशी,” ज्याचा अर्थ ऐकणाऱ्याला असाही लागतो की चूक त्यांचीच आहे आणि मी जाब विचारायला निघालेय. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी बरेच भित्रेपणे केलेत. हा त्यातला सगळ्यात नीट इस्त्री केलेला.

सत्यभामाबाईंनी निघताना धपाटे बांधून दिले. मला ते घेताना लाज वाटली, पण घेतले. लाज आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेडगावजवळ

सेलूहून पूर्ण्याकडे जाणारी पॅसेंजर पेडगावला थांबली, कुणा मोठ्या गाडीला वाट द्यायला. समोरच्या बाकावर बोरांची पाटी घेऊन एक बाई बसल्या होत्या. मूठभर बोरं त्यांनी न विचारता माझ्या मांडीवर ठेवली आणि मी त्यांना अर्धं धपाटं दिलं. गाडी हलली तसा त्यांनी फोन लावला आणि अख्ख्या डब्याला कळेल अशा आवाजात म्हणाल्या, “यायले, यायले! पेडगाव सोडलं बग!”

माझ्या डोक्यात सकाळपासून तोच एक शब्द फिरत होता. मी विचारलं, “मावशी, तुम्ही अजून सेलूतच असता तर काय म्हणाला असता?”

त्यांनी मला जरा निरखून पाहिलं. “निघाले म्हणले आसते.”

“आणि घरीच असता तर?”

“तर येणार हाय म्हणले आसते. यायले कसं म्हणायचं उगं? यायले म्हणलं की तिकडं सून चहाचं आधण ठेवती. ते वाया जातंय की मग.”

शाळेत मला व्याकरणात पैकीच्या पैकी मार्क असायचे. भविष्यकाळ आणि वर्तमानकाळ यांच्यामधलं एक गाव कुणी शिकवलं नव्हतं. या लोकांच्या बोलीत घरी बसलेला ‘येणार’ असतो, वाटेला लागलेला ‘निघालेला’ असतो, आणि पेडगाव सोडलं की मगच तो ‘यायलाय’. ऐकणारा त्यावरून ठरवतो, कपडे बदलायचे, चुलीवर आधण ठेवायचं की शेतात आणखी एक फेरी मारून यायचं. माझी गोटी अजून घरीच होती, तरी मी ‘येतंय’ म्हटलं, वालूरने ते ‘यायलंय’ ऐकलं आणि नऊ घरांत आधण ठेवलं गेलं. बोरं आंबट होती, मी सगळी खाल्ली.

पूर्णा

पूर्ण्याला स्टेशनातून बाहेर पडलं की रेल्वेच्या क्वार्टर्स, चहाच्या टपऱ्या, आणि मग बाजाराची गल्ली. दुकान सापडायला वेळ लागला नाही. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर आमच्या गोट्यांची खोकी ओळीने लावलेली. दाराजवळ खुर्चीत सुजाताताईंचे वडील, काका, बसले होते. रेल्वेतून निवृत्त, पांढरे केस चापून बसवलेले, आवाज असा की कुठेही ऐकू यावा.

“जय भीम, या,” ते म्हणाले. मी जय भीम केला.

सुजाताताई काउंटरमागून उठल्या नाहीत. तिशीच्या, फोनवरच्या आवाजावरून मला वाटल्या होत्या त्यापेक्षा तरुण. “मुंजाभाऊंचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “‘ताई, तुमी आमाला सांगायचं व्हतं,’ एवढंच म्हणाले. ते भांडले असते तर मीही भांडले असते.”

मी खुर्ची ओढून बसले आणि पाठ करून आणलेलं सगळं सांगायला लागले. त्यांनी मधेच थांबवलं.

“मला एवढंच सांगा. मला कधी सांगणार होतात?”

“तेच सांगायला मी आलेय, ताई. पुण्याहून त्यासाठीच निघाले.”

“मग आधी इथं कामून नाही आलात?”

“वालूर आधी लागतं,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच ते किती हास्यास्पद आहे हे मला ऐकू आलं.

काका खुर्चीत जोरात हसले. सुजाताताई हसल्या नाहीत. “आमच्या दुकानात दुसरं काय हाय, मॅडम?” त्या म्हणाल्या. “बाजारात मोठाली दुकानं हायेत, लाइटिंग हाय, एसी हाय. माझ्याकडं लोक येतात कारण ताई म्हणाली म्हणजे तसंच असतं. ते एकदा गेलं तर फळीवर काय ठेवू मी?”

तेव्हा काकांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत.

“मी लय वर्षं माईकवर होतो. एका मोठ्या स्टेशनात. गाडी कोणत्या फलाटावर यायलीय ते सांगायचं. लोकांना वाटतं, त्यात काय, बटण दाबायचं आन् बोलायचं. तसं न्हाई. लवकर सांगितलं की माणूस हातातला चहा टाकून धावतो आन् मग तासभर उन्हात उभा. उशिरा सांगितलं की पुलावर चेंगराचेंगरी. आन् एक गोष्ट कुणी शिकवत न्हाई, ती मी माझी मी शिकलो. माईक हातात घेण्याआधी एक माणूस खाली पाठवायचा. हमाल, चहावाला, कुणी पायानं अधू बसलेलं आसंल ते. त्यांना आधी सांगायचं, हळूच. ते जागेवर पोचले की मग माईक. कारण गर्दी धावत आली तर तिच्या पायाखाली तेच येतात.”

“म्हणजे मी चहावाली,” सुजाताताई म्हणाल्या.

“तूच,” काका म्हणाले. “ह्या बाईनं आधी माईक लावला, तोबी हुरडा खाता खाता.”

मी तिथूनच नितीनला फोन केला. सव्वीस जानेवारी रद्द, म्हटलं. नव्या गोट्यांची खोकी गिरणीवर रचून झाली की आधी दुकानदारांना सांगायचं, मग ज्यांच्या हातात जुनी गोटी आहे त्यांना, आणि जगाला सगळ्यात शेवटी. आणि दुकानदाराने विचारलं तर त्याच दिवशी खरं सांगायचं, ‘सध्या तरी’ नाही. नितीन म्हणाला, तुला हे कोणत्या पुस्तकात मिळालं? मी म्हटलं, रेल्वेत.

मी पिशवीत हात घालून टॉवेल वर काढत होते, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कुठेतरी शाळेत शिकवत असावेत. लेकीसाठी गोटी पाहिजे म्हणाले. सुजाताताईंनी खोकं फळीवरून काढलं, काउंटरवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून विचारलं, “कशासाठी घ्यायलात, सर?”

“वाढदिवस हाय तिचा. एप्रिलात. म्हणलं आत्ताच घेऊन ठेवावं.”

“मग थांबा. पाडव्याला नवीन येणार हाय. यायलंय म्हणत न्हाई मी, येणार हाय म्हणते. आलं की तुम्हाला फोन करते, दोन्ही बघा, मग घ्या.”

“बरं ताई,” ते म्हणाले. त्यांनी नंबर लिहून दिला आणि गेले. सुजाताताईंनी खोकं होतं तिथे परत ठेवलं. धंदा असाच करायचा असतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. समोर बघताना हसू आलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “आता वालूरला लावा. मी न्हाई बोलणार. तुमी बोला.”

फोन लागला. मागे माणसांचा आवाज होता. मुंजाभाऊ गावातल्या पारावर होते.

“मुंजाभाऊ, मी बोलतेय. पूर्ण्यातून.” मी एका दमात सांगून टाकलं. “सकाळी तुम्ही एक विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही. दसऱ्याला ताईंना नव्या गोटीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं. त्या तुमच्याशी खरंच बोलल्या. खोटं मी बोलले. सकाळी तुमच्या ओट्यावर हे सांगायला पाहिजे होतं, माझी हिंमत झाली नाही.”

मला वाटलं, ते फोन ठेवणार. आता ते पुन्हा कधी माझा फोन उचलणार नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही, असं मनाशी म्हणून मी सुजाताताईंकडे बघितलं. त्यांनी हात पुढे करून माझा फोन स्पीकरवर टाकला. मग फोनमधून मुंजाभाऊंचा आवाज आला, पण माझ्याशी बोलणारा नव्हे, पारावरच्या माणसांना ओरडून सांगणारा.

“अय, ऐकलं का रं? ताईला मालूमच नव्हतं! ताई खोटं बोलल्या न्हाईत!”

कुणीतरी काहीतरी म्हणालं, दोघं-तिघं हसले. मुंजाभाऊ परत फोनवर आले, त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. “लय बरं झालं मॅडम सांगितलंत. सकाळपासून घास गोड लागंना. ऐतवारी बहिणीकडं येणार हाय मी, ताईला म्हणावं दुकानात येतो.”

सुजाताताईंनी सगळं ऐकलं होतं. त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि फळीवरची खोकी नीट लावू लागल्या, जी आधीच नीट होती. काका रस्त्याकडे बघत होते. नवी गोटी टॉवेलसकट माझ्या मांडीवर होती, आणि ती कशी आहे, कधी मिळेल, हे त्या फोनवर वालूरमधल्या एकाही माणसाने विचारलं नाही.